सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट (अर्थ: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग) ही मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका आहे. तिचे ध्वनिमुद्रण १९८२ मध्ये झाले व ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती एच.एम.व्ही. या नाममुद्रेखाली प्रकाशित केली. प्रकाशनाच्या वेळी ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर मात्र ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीत प्रकाराची पूर्वसूरी म्हणून तिची जगभर चर्चा झाली.

पार्श्वभूमी

चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे व्यावसायिक वादक होते. बास गिटार, स्टील गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर अशी अनेक वाद्ये ते वाजवीत. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आदी संगीतकारांकडे त्यांनी काम केले. चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही एच.एम.व्ही.ने काढल्या होत्या. त्या काळी मुंबईतील एका चित्रपटगीतामागे अनेकदा पन्नासहून अधिक वादक एकत्र बसत. मुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र संगीतकार, गीतकार व गायक यांचीच नावे येत.

१९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील गाण्यांपासून डिस्कोचा ठेका भारतात घरोघरी पोहोचला. १९८१ मध्ये नाझिया हसन यांची ‘डिस्को दीवाने’ ही ध्वनिमुद्रिका आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट आला. चित्रपटांत सर्वत्र डिस्को ऐकू येत असताना त्याच ठेक्यावर काही निराळे करावे, तबला बाजूला ठेवून राग वाजवावेत, अशी कल्पना आपल्याला सुचली, असे सिंग यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितले.

वाद्ये

या ध्वनिमुद्रिकेत जपानच्या रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरली आहेत. ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र ठेका धरते, ‘टीबी-३०३’ हे यंत्र खर्जातील स्वरमालिका वाजवते आणि ‘ज्युपिटर-८’ या सिंथेसायझरवर रागाची मुख्य चाल वाजवलेली आहे. तिन्ही वाद्ये परस्परांशी जोडून एकाच लयीत चालवता येत. मोठ्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या वादकाने ही संपूर्ण मुद्रिका एकट्याने सिद्ध केली.

यांपैकी ‘टीबी-३०३’ची कथा या मुद्रिकेच्या कथेशी मिळतीजुळती आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून हे यंत्र बनवले गेले. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता. ते चालले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. या यंत्रात स्वरांची मालिका आधी भरून ठेवावी लागते. ती नंतर आपोआप फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. भारतीय श्रोत्याला ती मींडेची आठवण करून देते. पियानो किंवा पेटीच्या सुट्या सुट्या स्वरांतून हा परिणाम साधत नाही.

रागसूची

पहिली बाजू:
१. भैरव
२. ललत
३. भूपाळी
४. तोडी
५. मधुवंती

दुसरी बाजू:
६. मेघमल्हार
७. यमन
८. कलावती
९. मालकंस
१०. बैरागी

प्रत्येक रचना सुमारे पाच मिनिटांची आहे. दहांपैकी भूपाळी, कलावती, मालकंस व बैरागी हे राग पाच स्वरांचे आहेत. फिरत्या स्वरमालिकेला असे राग सोयीचे पडतात. थोड्या स्वरांत रागाची ओळख पटते आणि पुनरावृत्ती खटकत नाही. उलट ललतमध्ये पंचम वर्ज्य असून दोन्ही मध्यम लागतात, तर तोडीमध्ये ऋषभ, गंधार व धैवत कोमल आणि मध्यम तीव्र असतो. पाश्चात्य नृत्यसंगीताला अनोळखी अशा या स्वरांतरांमुळे या रचना परदेशी श्रोत्यांना विशेष नव्या वाटल्या.

रागविस्ताराच्या दृष्टीने मात्र येथे मर्यादा आहेत. विलंबित आलापाला जागा नाही. राग आरंभापासूनच द्रुत लयीत येतो. श्रुतींचे सूक्ष्म भेद व आंदोलने यंत्राच्या समान अंतराच्या स्वरांत उतरत नाहीत. तालाची रचनाही निराळी आहे. त्रितालात सम, टाळी व खाली यांमुळे प्रत्येक मात्रेचे स्थान वेगळे असते आणि श्रोता समेची वाट पाहतो. डिस्कोच्या ठेक्यात चारही मात्रांवर सारखाच आघात पडतो. तेथे खाली नाही, म्हणून समेवर येण्याचा आनंदही त्या अर्थाने नाही. त्याऐवजी अखंड चालणारी गती आहे आणि ती नाचणाऱ्यासाठी आहे.

प्रारंभीचे स्वागत

ही मुद्रिका बाजारात कोणत्याच ठरलेल्या श्रोतृवर्गाची नव्हती. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना तीत विस्तार व तबला नव्हता. डिस्कोच्या चाहत्यांना तीत गाणे, गायिका किंवा चित्रपटाचे नाव नव्हते. लवकरच ती विस्मृतीत गेली. सिंग यांनीही हा प्रयोग पुढे नेला नाही. ते आपल्या नेहमीच्या वादनाकडे वळले.

पुनर्शोध व पुनर्प्रकाशन

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात या मुद्रिकेची जुनी प्रत मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे मुद्रिका पुन्हा प्रकाशित केली. १९८२ मध्ये असे संगीत होणे इतके अशक्य वाटले की, एखाद्या पाश्चात्य संगीतकाराने जुन्या मुद्रिकेच्या रूपात केलेली ही थट्टा असावी, अशी शंकाही काहींनी घेतली. सिंग यांच्या मुलाखतींनी ती दूर झाली.

अग्रक्रमाचा वाद

हाऊस संगीत १९८० च्या दशकात शिकागो येथील कृष्णवर्णीय तरुणांच्या नृत्यगृहांत घडले. ‘वेअरहाऊस’ या नृत्यगृहावरून त्याला हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. ‘फ्यूचर’ या शिकागोच्या गटाने जुनी ‘टीबी-३०३’ वापरून केलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ मध्ये प्रकाशित झाली. अ‍ॅसिड हाऊसचा आरंभ तिच्यापासून धरला जातो. सिंग यांच्या मुद्रिकेत तेच यंत्र, तसाच चार आघातांचा ठेका आणि तशीच फिरणारी स्वरमालिका पाच वर्षे आधी दिसते. त्यामुळे ‘अ‍ॅसिड हाऊसचा जन्म मुंबईत झाला’ अशा आशयाचे मथळे परदेशी वृत्तपत्रांत झळकले.

हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कालक्रमाने आधी असणे आणि परंपरेचे मूळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोच्या संगीतकारांनी ही मुद्रिका ऐकल्याचा पुरावा नाही. त्यांचे संगीत त्यांच्या शहरातील डिस्को व नृत्यगृहांच्या संस्कृतीतून वाढले. दोन्हींचा हेतूही वेगळा होता. ‘फ्यूचर’च्या रचनेत यंत्राच्या कळी सतत फिरवून नाद पिळवटला जातो आणि तो नाद हाच तिचा आशय आहे. सिंग यांच्याकडे अग्रस्थान रागाच्या चालीला आहे. यंत्र साथीला आहे. मूळ सामग्री एकच असल्याने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारखा ध्वनी निर्माण झाला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

शिवाय या मुद्रिकेला केवळ ‘अ‍ॅसिड हाऊसच्या आधीची’ म्हणून मोल दिल्यास ती ज्या परंपरेतून आली ती झाकली जाते. सत्तरच्या दशकात कर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आणला होता. नवे विदेशी वाद्य हाती येताच त्याला देशी चालीत बसवणे हा तेथील वादकांचा नित्याचा व्यवसाय होता. सिंग यांचा प्रयोग या कौशल्याचाच विस्तार आहे.

नंतरचा काळ

पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी सत्तरी ओलांडलेली असताना युरोपात या रचनांचे जाहीर कार्यक्रम केले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. हाऊस संगीत मराठीत लोकप्रिय होण्यास त्यानंतरही काही वर्षे लागली. २०२४ मध्ये क्रेटेक्स (कृणाल घोरपडे) व श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी शब्दांचे हाऊस गीत समाजमाध्यमांवरून सर्वदूर पोहोचले. सिंग यांच्या मुद्रिकेला ज्या श्रोतृवर्गाची वाण होती, तो तोपर्यंत महाराष्ट्रात तयार झाला होता.