कमिशनवरील विक्रीची नोकरी आणि मुलाखतीचे स्वरूप : छत्रपती संभाजीनगर येथील पदवीधरांच्या संदर्भात

प्रस्तावना

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने सेवाक्षेत्राचा विस्तार झाला आणि विक्री प्रतिनिधीच्या कामाला मोठी मागणी निर्माण झाली. विमा क्षेत्राचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाची मक्तेदारी १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण कायद्यामुळे संपुष्टात आली व २००० पासून खाजगी कंपन्या या बाजारात उतरल्या. मराठवाड्याचे विभागीय केंद्र असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतील तरुण शिक्षणासाठी येतात आणि पदवीनंतर येथेच नोकरी शोधतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांना वाव मिळतो. कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधराला मुलाखतीचे पहिले बोलावणे येते ते बहुधा विक्रीच्या कामासाठी. या मुलाखतीचे स्वरूप आणि तिच्यामागील अर्थकारण स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवड कोण कोणाची करतो?

सर्वसाधारण मुलाखतीत जागा मोजक्या व उमेदवार अनेक असतात. म्हणून निवड करावी लागते. केवळ कमिशनवरील कामात जागांना मर्यादाच नसते. नेमलेल्या व्यक्तीने काहीही विकले नाही तरी कंपनीचे फारसे नुकसान होत नाही. वेतन द्यावयाचे नसते. त्यामुळे अशा मुलाखतीत प्रश्न विचारणाराच वस्तुतः विक्रेता असतो आणि उमेदवार हा त्याचा ग्राहक. जालना रोडवरील एखाद्या कार्यालयात अर्ध्या तासात 'निवड झाली' असे ऐकून आनंदित झालेल्या विद्यार्थ्याच्या हे लक्षात येत नाही. गुणपत्रक अनेकदा कोणी उलटूनही पाहत नाही. वडील काय करतात, दुचाकी आहे काय, शहरात नातेवाईक किती, असे प्रश्न विचारले जातात. त्यानंतर कोरा कागद पुढे करून परिचितांची पन्नास किंवा शंभर नावे लिहावयास सांगितले जाते. हा कागद हीच खरी मुलाखत होय. कंपनीला हवे असते ते उमेदवाराचे गणगोत. त्याची योग्यता हा दुय्यम मुद्दा ठरतो.

येथे पदनामांचाही विचार करावा लागतो. आयुर्विमा महामंडळात 'विकास अधिकारी' हे वेतनावरील पद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये एस. के. वर्मा खटल्यात अशा अधिकाऱ्यास औद्योगिक विवाद कायद्याखालील 'कामगार' मानले. याच्याशी मिळतेजुळते भारदस्त नाव जाहिरातीत छापून प्रत्यक्षात एजंटचे काम देऊ केले जाते, तेव्हा उमेदवाराची दिशाभूल होते. विमा प्रतिनिधी होण्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे व विहित परीक्षा देणे पुरेसे असते. एम. ए. झालेल्या तरुणास हे मुलाखतीत क्वचितच सांगितले जाते.

उत्पन्नाचे गणित

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. वार्षिक हप्ता २०,००० रुपये व पहिल्या वर्षाचे कमिशन २५ टक्के धरल्यास एका पॉलिसीमागे ५,००० रुपये मिळतात. दरमहा १५,००० रुपये मिळवावयाचे तर महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला ३६ पॉलिसी विकल्या पाहिजेत. पेट्रोल, मोबाइल व खोलीचे भाडे यातूनच भागवावयाचे. पन्नास नावांच्या यादीतील दहा जणांनी होकार दिला, तरी चौथ्या महिन्यात यादी संपते. मामा, आत्या, शाळेतील गुरुजी यांची मर्यादा तेथे गाठलेली असते. उमेदवार काम सोडतो. पॉलिसी मात्र कंपनीकडे राहते आणि पुढच्या हप्त्यांसाठी मामाचा रोष भाच्यावर. जे टिकतात त्यांना नूतनीकरणाच्या कमिशनमधून वर्षागणिक वाढते उत्पन्न मिळते, हेही खरे आहे. अनेक कुटुंबे या व्यवसायावर प्रतिष्ठेने उभी राहिली. परंतु पहिली दोन वर्षे घरातून आधार मिळेल, अशी ज्याची स्थिती आहे तोच बहुधा टिकतो. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला तो आधार नसतो.

नोकर की एजंट?

कायद्याच्या दृष्टीने सर्व काही या एका प्रश्नावर अवलंबून आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसल्यास एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्याशिवाय देय होत नाही. म्हणजे तीन महिने उन्हातान्हात केलेल्या गाठीभेटींना, विक्री झाली नाही तर, कायद्याच्या लेखी मूल्य नाही. नोकराची स्थिती निराळी. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना परिचित असलेल्या १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने नेमणूकपत्र बंधनकारक केले होते. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तीतही कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र द्यावे लागते. यास्तव मुलाखतीत उमेदवाराने विचारावयाचा पहिला प्रश्न 'पगार किती?' हा नसून 'नेमणूकपत्र मिळेल की एजन्सीचा करार?' हा आहे. उत्तर टाळले गेले तरी तेही उत्तरच समजावे. साहित्य, प्रशिक्षण वा नोंदणीसाठी पैसे मागितले गेल्यास, किंवा माल विकण्याऐवजी नवे सभासद जोडण्यावर मोबदला ठेवल्यास प्रकरण अधिक गंभीर होते. १९७८ चा पैसा अभिसरण योजना बंदी कायदा आणि थेट विक्रीविषयीचे २०२१ चे नियम यांचा संबंध तेथे येतो.

महाविद्यालयाची नोंदवही

या प्रश्नाची एक बाजू महाविद्यालयांच्या आतही आहे. परिसर मुलाखतीस आलेल्या कंपनीने एका दिवसात चाळीस विद्यार्थ्यांची 'निवड' केली की छायाचित्र काढले जाते, वार्तापत्रात बातमी येते आणि मूल्यांकनाच्या पाचव्या निकषाखाली तो आकडा नोंदविला जातो. त्यांपैकी किती जणांना नेमणूकपत्र मिळाले व किती जणांना एजन्सीचा करार, यासाठी रोजगार कक्षाच्या नोंदवहीत सहसा रकाना नसतो. सहा महिन्यांनी त्याच चाळीस जणांना दूरध्वनी करून विचारणा करण्यास एका प्राध्यापकाची एक दुपार पुरते.