कवटीबाहेरून मेंदूपर्यंत

इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं, पण मधली काच तापते ती भांड्याच्याच उष्णतेने. असं का? काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यात वीज सतत दिशा बदलते. त्यातून उपजलेलं बदलतं चुंबकीय क्षेत्र काच ओलांडून भांड्यात वीज खेळवतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व अँथनी बार्कर यांनी १९८५ साली शेफील्डमध्ये माणसाच्या मेंदूवर वापरलं. डोक्याला टेकवलेलं वेटोळं कवटीआडच्या मज्जापेशींना चेतवतं. चिरफाड नाही, भूल नाही. हे चुंबकीय ठोके सावकाश दिले तर तो भाग सहसा शांतावतो, भराभर दिले तर अधिक चेततो.

स्वमग्नतेत मेंदूतल्या चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या संदेशांचा तोल वेगळा असावा, असं काही संशोधक मानतात. या चुंबकीय ठोक्यांनी तो तोल बदलून पाहण्याचे प्रयोग झाले. बोस्टनमधल्या अशा प्रयोगात सहभागी झालेले स्वमग्न लेखक जॉन एल्डर रॉबिसन यांनी ‘स्विच्ड ऑन’मध्ये लिहिलंय, की इतरांच्या भावना एकाएकी उमगू लागल्या, आणि पूर्वी झालेली टिंगलही.

नैराश्यासाठी अमेरिकेत या उपचाराला २००८ मध्ये मान्यता मिळाली, स्वमग्नतेसाठी नाही. क्वचित अपस्मारासारखा झटकाही येऊ शकतो. म्हणून ‘हमखास गुण’ सांगून स्वमग्न मुलांच्या पालकांकडून पैसे घेणं मला अक्षम्य वाटतं.