दारात बोलेरो की बोलेरो निओ? आधी घरातली माणसं मोजा!

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यायचा तर आपण चार दुकानं फिरतो. कुकरची शिट्टी वाजवून बघतो, साडीचा पदर उलगडून पाहतो. आणि आठ-दहा लाखांची गाडी घ्यायची वेळ आली, की मात्र "बायकांना काय कळतंय त्यातलं?" असं कुणीतरी म्हणतं आणि आपण चहा करायला आत जातो! पण त्या गाडीत बसणार कोण? सासूबाईंना लातूरला दवाखान्यात न्यायचं, मुलांना शिकवणीला सोडायचं, अंबाजोगाईच्या लग्नाला जायचं, हे सगळं आपल्यालाच बघायचं असतं. हप्ता भरताना किराण्याला कात्री लागते तीही आपल्याच हातानं. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

रेणापूरच्या परिसरात एखाद्या शेतकरी घराची गरज काय असते, ते आपण जाणतोच. घरात सहा-सात माणसं. थोडं शेत, सोयाबीन आणि तूर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. महिन्यातून काही दिवस मागं छोटी ट्रॉली जोडून लातूरच्या बाजारात पोती न्यायची, किंवा पाण्याची टाकी शेतावर पोचवायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्याकडं कोण विसरेल? पाणी ओढून आणणं ही इथं चैन नव्हे.

अशा घरात बहुतेक वेळा दोन नावांवर चर्चा येऊन थांबते: महिंद्राची जुनी बोलेरो आणि तिचीच धाकटी बहीण बोलेरो निओ. दोन्ही डिझेलवर चालणाऱ्या, दोन्ही सात जणांच्या.

सारखं काय, वेगळं काय?

बोलेरो २००० साली बाजारात आली. निओ जुलै २०२१ मध्ये आली. त्याआधी हीच गाडी टीयूव्ही ३०० या नावानं विकली जात होती. दोघींची लांबी सारखीच, ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या जेमतेम आत. इंजिन दोघींचं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं. हे मुद्दाम सांगते, कारण चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. ऑक्टोबर २०२५ मध्ये बोलेरोची सुरुवातीची शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार होती, तर निओची ८ लाख ४९ हजार. रस्ताकर, विमा आणि नोंदणी यांचे पैसे त्यावर वेगळे. "ऑन रोड किती?" हाच प्रश्न विचारायचा.

दोघींचा सांगाडा जाड लोखंडी शिडीसारखा आहे आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. ट्रॉली ओढायला हे बरं. ट्रॉलीचा थोडा भार गाडीच्या मागच्या भागावर येतो आणि तीच चाकं जमीन घट्ट धरतात.

आता फरक बघा. बोलेरोची ताकद साधारण ७५ अश्वशक्ती, निओची १००. पण ओढायच्या कामात अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाची असते ती ओढ, म्हणजे टॉर्क. शर्यतीचा बैल वेगळा आणि नांगराचा वेगळा, तसंच हे. बोलेरोची ओढ २१० न्यूटन-मीटर, निओची २६०. म्हणजे जवळजवळ पाव पट जास्त. भरल्या ट्रॉलीनिशी चढावर गाडी उभी राहिली आणि पुन्हा उचलायची झाली, की हा पाव हिस्सा कळतो. क्लचही कमी जळतो.

मग बोलेरो मागं पडली का? नाही. तिच्या मागच्या बाजूला पाटे आहेत, ट्रकला असतात तसे. भार पडला तरी मागची बाजू चटकन बसत नाही. शेतरस्त्यावर हे पाटे बिनतक्रार राबतात, पण रिकाम्या गाडीत हादरे देतात. निओला मागं गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. सासूबाईंच्या कमरेला त्या मानवतील. शिवाय बोलेरोची टाकी ६० लिटरची, निओची ५० लिटरची.

चिखलात एक चाक फिरत राहिलं तर दुसऱ्याला जोर देणारी सोय, म्हणजे लॉकिंग डिफरन्शियल, निओच्या एन-१० (ओ) या प्रकारात २०२१ पासून दिली गेली. तुम्ही बघाल त्या प्रकारात ती आहे का, ते स्पष्ट विचारा.

सात जणांची, पण कुठले सात?

दोन्ही गाड्यांत मागचे दोघं बाजूला तोंड करून छोट्या बाकांवर बसतात. तिथं लहान मुलांना बसवायची आपल्याकडं सवय आहे: "जा, मागं खेळत बसा!" मैत्रिणींनो, ही सवय मोडायला हवी. पोरांना मधल्या सीटवर, पट्टा लावून बसवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंड भरता येतो हो, पण पोराचं डोकं फुटलं तर काय भरणार?

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगणार नाही. २०२४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं बोलेरो निओची धडक चाचणी घेतली. पाचपैकी एकच तारा मिळाला, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. याचा अर्थ घेऊच नका असा नाही. घेतलीत तर वेग आवरा, सगळ्यांचे पट्टे लावा, आणि "मजबूत लोखंड आहे, काही होत नाही" या भ्रमात राहू नका.

ट्रॉली जोडताना

आपल्याकडं गॅरेजवाला हूक वेल्ड करून देतो आणि काम सुरू होतं. जरा थांबा. किती वजन ओढायचं, ते मालकपुस्तिकेत बघा आणि शोरूमकडून लेखी घ्या. बाहेरून हूक बसवण्याआधी विमा कंपनीला आणि शोरूमला विचारा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी तोंड फिरवलं जाईल. कायद्याच्या दृष्टीनं ट्रॉली हेही मोटार वाहनच. तिची नोंदणी, तिचा विमा वेगळा. एमएच २४ ची पाटी फक्त गाडीला असून भागत नाही. घरच्या गाडीनं भाड्याचा माल वाहायचा नाही, हेही लक्षात असू द्या.

माल भरायची रीतही असते. जड पोती ट्रॉलीच्या आसाच्या थोडी पुढं ठेवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. सगळं मागं ठेवलं तर ट्रॉली वेगात शेपटासारखी हलू लागते. तसं झालं तर घाबरून ब्रेक दाबू नका. स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. हुकाशिवाय साखळी हवीच. ट्रॉलीला मागं लाल दिवे, ब्रेकचे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. उसाच्या हंगामात अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर किती धोका करतात, हे आपण पाहतोच. आपण त्यात भर घालू नये. आणि जत्रा असो की लग्न, ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत.

एक बारीक गोष्ट. दोन्ही गाड्यांचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि बाकांवरची माणसं तिथूनच चढतात. ट्रॉली जोडलेली असताना आजीला दांडी ओलांडून चढवणार का? म्हणून आधी माणसं बसवा, मग ट्रॉली जोडा. त्याहून चांगलं म्हणजे ट्रॉलीच्या दिवशी मागचे बाक रिकामेच ठेवा.

तुम्ही स्वतः चालवणार असाल तर ट्रॉलीसह मागं घेणं मोकळ्या शिवारात शिका. हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात सरकवा. दोन दुपारी सराव केलात तर घरातले पुरुष बघत राहतील!

हिशेब वहीत मांडा

समजा आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्के व्याजानं घेतलं. पाच वर्षांत फेडायचं तर महिना साधारण १६,८०० रुपये. सात वर्षं केली तर १३,१००. हप्ता हलका वाटतो ना? पण सात वर्षांत एकूण व्याज जवळजवळ ९० हजारांनी वाढतं. एवढ्यात एका मुलीच्या शिक्षणाची सुरुवात होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं. पण अंथरूण किती लांब, ते आधी मोजायला हवं.

आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: महिन्यात ट्रॉली खरोखर किती दिवस लागणार? दोन-तीन दिवसच असतील तर त्या दिवसांपुरता छोटा हत्ती भाड्यानं घ्या. ट्रॉलीची खरेदी, नोंदणी, विमा सगळं वाचेल, आणि गाडी फक्त माणसांसाठी निवडता येईल. रोज फक्त दोन किलोमीटरची शाळा करायची असेल तर डिझेलच नको. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. तिला अधूनमधून लांबची, सलग धाव लागते, नाहीतर ती काजळीनं तुंबते.

मग कुठली?

रोज शेतरस्ता, पोती गाडीतच भरायची आणि दुरुस्ती जवळच्या मेकॅनिककडं करायची असेल, तर बोलेरो. लातूरच्या फेऱ्या जास्त, वयस्कर माणसं सोबत आणि आठवड्याला ट्रॉली जोडायची असेल, तर निओ. तिची जादा ओढ तेव्हा पैसे वसूल करते. त्याहून जड माल रोजचा असेल तर दोन्ही नकोत. तुमची गरज पिकअपची आहे, घरच्या गाडीची नव्हे.

शोरूमला जाताना एवढं करा:

• सासूबाई आणि मुलं यांना सोबत न्या. त्यांना चढून-उतरून बघू द्या.
• चालवून बघताना गाडीत पाच माणसं बसवा. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते.
• पट्टे किती, एअरबॅग किती, ते मोजा.
• ऑन रोड किंमत, ओढण्याचं वजन आणि वॉरंटी लेखी घ्या.
• सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. फक्त त्या मनात या वेळी तुमचंही मत असू द्या, मैत्रिणींनो. चहा नंतरही करता येतो.