जुनी जीप उंच करतांना

१९४१ सालीं सैन्यासाठीं निघालेली विलीज जीप पोलादी कमानींवर उभी असते. ती थोड्या खर्चांत उंच करावयाची, तर कमान व सांगाडा जोडणारे शॅकल लांब घालतात. शॅकल २ इंच वाढविला, तरी सांगाडा सुमारें १ इंचच चढतो. कारण कमानीचें दुसरें टोंक जागचें हलत नाहीं. परंतु खडकाला प्रथम अडते ती आंसावरील डिफरन्शियलची पेटी, आणि ती यानें तसूभरही उचलत नाहीं! तिला मोठें चाकच हवें. टायरचा व्यास २ इंच वाढला, तर पेटी १ इंच वर येते. मात्र उंचीबरोबर गुरुत्वमध्य चढतो, उतारावर आडवी गाडी उलटण्याचें भय वाढतें आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणतात. म्हणून श्रोत्यांनीं आधीं नळ्या तपासाव्या, आणि उंची गरजेपुरतीच घ्यावी.