धुराचा माग

आपल्याकडे ‘बार्बेक्यू’ म्हटले की टेबलाच्या मधोमध पेटलेली शेगडी, सळ्यांना टोचलेले पनीर नि चिकनचे तुकडे आणि ‘हवे तितके खा’ ही सोय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत आल्यावर मलाही पहिली काही वर्षे तेवढाच अर्थ पुरला. उन्हाळ्यात परसदारी गॅसच्या ग्रिलवर काहीही भाजले की शेजारी त्याला बार्बेक्यू म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा माणूस मात्र हे ऐकून मनापासून दुखावतो. त्याच्या लेखी ते निव्वळ भाजणे. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात, मंद आचेवर, तासन्‌तास शिजलेले मांस. शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. तो स्पॅनिश लोकांनी उचलला आणि त्यांच्यामार्फत इंग्रजीत आला. हा पदार्थ शिकागोसारख्या महानगरातल्या उपाहारगृहांत कुठे नि कसा सापडतो, याचा शोध मी गेली सहा-सात वर्षे घेत आहे. प्रश्न वरकरणी खवय्येगिरीचा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना मला जिथे जावे लागले, तिथे मी शिकागोत चौदा वर्षे राहूनही एकदाही गेलो नव्हतो.

आधी धुराविषयी थोडे. तंदुरीचा जाळ चारशे अंश सेल्सिअसच्या घरात असतो. तिथे कोंबडी काही मिनिटांत होते. बार्बेक्यूची भट्टी साधारण 105 ते 135 अंशांवर ठेवतात. एवढ्या कमी उष्णतेचे कारण मांसाच्या जातीत आहे. बार्बेक्यूसाठी वापरतात ते भाग जनावराच्या सर्वांत कष्टकरी अवयवांचे असतात: छातीचा पुठ्ठा, खांदा, बरगड्या. त्यांत कोलॅजन नावाचा चिवट तंतू ठासून भरलेला असतो. भराभर भाजले तर तो आवळतो आणि मांस चामड्यासारखे होते. मांसाच्या आतले तापमान सत्तर अंशांच्या पुढे सावकाश नेले आणि तिथे बराच वेळ टिकवले, तर तोच तंतू विरघळून जिलेटिन होतो आणि घास तोंडात सुटतो. मध्येच एक गमतीची अवस्था येते. आतले तापमान 65-70 अंशांपाशी पोचले की अडून बसते, दोन-दोन, चार-चार तास हलत नाही. नवशिक्याला वाटते, विस्तव मेला. होते एवढेच की मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन वाफ होत राहतो आणि मांस गार ठेवतो. माठातले पाणी गार राहते त्याच न्यायाने. ज्याला हा काळ काढता येत नाही तो आच वाढवतो, आणि दहा तासांची मेहनत वाया घालवतो.

धुराची चवही वाटते तितकी सरळ नाही. लाकडातले लिग्निन तापून फुटते तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात. ज्याला आपण ‘धुराचा वास’ म्हणतो तो बराचसा यांचा. पण ती तयार व्हायला लाकूड वाळलेले हवे आणि त्याला हवा खेळती हवी. ओल्या किंवा कोंडलेल्या लाकडाचा पांढरा, दाट धूर मांसाला कडवट करतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुठल्याही आजीला हे सांगावे लागणार नाही. चांगल्या भट्टीतून निघणारा धूर इतका विरळ आणि निळसर असतो की पुष्कळदा तो दिसायच्या आधी वासानेच कळतो. आपला धुंगार, म्हणजे जळत्या निखाऱ्यावर तूप सोडून भांड्यावर झाकण ठेवणे, ही या वासाची क्षणभराची ओळख आहे. इकडे तीच ओळख आठ तास चालते.

आता हे सगळे महानगराच्या स्वभावाच्या आड येते. उपाहारगृहाचे गणित असे की गिऱ्हाइकाने मागितले की वीस मिनिटांत ताट पुढे यावे, आणि यादीतला प्रत्येक पदार्थ दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत मिळावा. बारा-चौदा तास शिजणारा पदार्थ मागणीनुसार करताच येत नाही. काल रात्री कुणीतरी अंदाज बांधून तो चढवलेला असतो. अंदाज चुकला तर संध्याकाळी सातला ‘संपले’ अशी पाटी लावावी लागते, नाहीतर उरलेले मांस उद्या गरम करून खपवावे लागते. त्यात जागेचे भाडे, लाकूड साठवण्याची अडचण, धुराडे छतापार नेण्याचा खर्च आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या तक्रारी. म्हणून शहरात पळवाटा फार. बरगड्या आधी उकडायच्या किंवा ओव्हनमध्ये वाफवायच्या, मग त्यांवर गोड सॉस थापून वरून जाळ दाखवायचा. हाड ओढले की मांस गळून पडते आणि गिऱ्हाईक खूश होते. खरे तर मांस असे आपोआप गळणे ही अति शिजल्याची खूण आहे. नीट झालेल्या बरगडीचा लचका दातांनी तोडावा लागतो आणि मागे स्वच्छ, अर्धवर्तुळाकार ठसा राहतो. धुराची चव तर बाटलीतूनही घालता येते. कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्याने 1895 पासून धूर द्रवरूपात विकायला सुरुवात केली, आणि त्याच्या नावाची बाटली आजही किराणा दुकानात मिळते.

शहरमध्यातल्या एका झगमगीत ठिकाणी मी पाहुण्यांना घेऊन कित्येकदा गेलो. लाकडी बाके, भिंतीवर जुने नांगर, ताटलीऐवजी पत्र्याचे तबक, सगळे साग्रसंगीत. मांसाला औषधी, जिभेच्या मागे रेंगाळणारी धुरकट चव होती आणि मी तिलाच अस्सल समजत होतो. ऑफिसातल्या एका वयस्क कृष्णवर्णीय सहकाऱ्याला मी ते कौतुकाने सांगितले तेव्हा तो हसला नाही, हे विशेष. त्याने फक्त विचारले, “गाडीतून उतरल्यावर वास आला होता का?” आठवून पाहिले. आला नव्हता. “मग तिथे विस्तव नाही,” तो म्हणाला, “दक्षिणेला जा. पंचाहत्तराव्या रस्त्यावर. काच खाली करून गाडी चालव.”

शिकागोची दक्षिण बाजू, म्हणजे साउथ साइड, आम्हा मराठी मंडळींच्या नकाशात नसते. आमचे शिकागो म्हणजे पश्चिमेची उपनगरे, किराण्यासाठी डेव्हन अव्हेन्यू आणि भारतातून कुणी आले की 1893 मध्ये विवेकानंद बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. तिच्या दक्षिणेला आठ-नऊ मैलांवर काय आहे याची माहिती आम्हाला बातम्यांतून होते, आणि त्या बातम्या गोळीबाराच्या असतात. मी जाणार म्हटल्यावर मंडळातल्या दोघांनी काळजीने फोन केले. त्यांना दोष देत नाही. मी स्वतः चौदा वर्षे त्याच कारणाने गेलो नव्हतो.

तिथे हे मांस का आहे, हे समजायला रेल्वेचा नकाशा पाहावा लागतो. इलिनॉय सेंट्रल रेल्वेची वाट न्यू ऑर्लिन्सहून निघून मिसिसिपी आणि मेम्फिसमार्गे सरळ शिकागोला येते. साधारण 1916 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतील राज्ये सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. अमेरिकेच्या इतिहासात याला महास्थलांतर म्हणतात. कापसाच्या शेतावरची वेठ, झुंडीने घेतलेले बळी आणि मतदानावरची बंदी मागे टाकून येणाऱ्या या माणसांना ‘शिकागो डिफेंडर’सारखे वृत्तपत्र उत्तरेला बोलावत होते. 1910 मध्ये शिकागोत सुमारे 44 हजार कृष्णवर्णीय होते, 1930 मध्ये दोन लाख 34 हजार, आणि 1970 मध्ये अकरा लाख. त्यांना राहायला मात्र दक्षिणेकडचा एक अरुंद पट्टाच मोकळा होता. बाकी वस्त्यांतल्या घरांच्या खरेदीखतांतच ‘कृष्णवर्णीयाला विकू नये’ अशी अट असे, आणि न्यायालयांनी त्या अटी अमलात आणणे थांबवले ते 1948 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती ज्याने पाहिली आहे, त्याला ही रचना अनोळखी वाटणार नाही.

शहरात 1865 ते 1971 पर्यंत युनियन स्टॉकयार्ड हा जनावरांचा अवाढव्य बाजार नि कत्तलखान्यांचा पसारा होता. अप्टन सिंक्लेअरची 1906 ची ‘द जंगल’ ही कादंबरी तिथलीच. स्थलांतरित माणसे तिथे काम करत, आणि तिथेच त्यांना डुकराच्या मांसाचे हलके, स्वस्त भाग मिळत. बरगड्यांची पट्टी चौकोनी नि देखणी दिसावी म्हणून तिच्या खालचा कूर्चेचा, वेडावाकडा भाग कापून टाकतात. त्यालाच रिब टिप्स म्हणतात. इतरत्र तो उरलासुरला माल. शिकागोच्या दक्षिणेने त्याचे तुकडे करून त्याला मुख्य पदार्थाचा मान दिला. सोबत हॉट लिंक्स, म्हणजे सेज नि तिखट घातलेले जाडसर दळाचे सॉसेज. खाली तळलेले बटाटे, वर पातळ, आंबटगोड सॉस आणि पांढऱ्या ब्रेडच्या दोन चकत्या. चकत्या कशाला, हे पहिल्यांदा कळत नाही. बोटे कोपरापर्यंत माखली की कळते.

पण मिसिसिपीत जमिनीत खड्डा खणून त्यावर मांस ठेवणारा माणूस शिकागोच्या जानेवारीत, विटांच्या इमारतींच्या गर्दीत करणार काय? त्यातून 1950 च्या दशकाच्या सुमारास जे यंत्र निघाले त्याला अ‍ॅक्वेरियम स्मोकर म्हणतात, कारण ते दिसते मत्स्यपेटीसारखेच. खाली पोलादी पेटीत ओक किंवा हिकरीचे ओंडके जळतात. त्यावर जाळी, जाळीभोवती जाड काचेच्या भिंती, वर धुराडे थेट छताबाहेर. जाळ थेट मांसाखाली असल्याने चरबी गळून भडका उडतो. त्यासाठी हाताशी पाण्याची नळी. ना काटा, ना तापमापक बटण. भट्टीवाला दिवसभर काचेचे दार सरकवून एक तुकडा निवाऱ्याला नेतो, दुसरा जाळावर आणतो. ही भट्टी चालवायची तर माणूस तिच्यासमोर उभाच असावा लागतो. गॅस नि वीज जोडलेले नवे स्मोकर रात्री बटण लावून घरी जाऊ देतात. जुन्या भट्ट्या कमी होण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: आगीपुढे बारा तास उभे राहणाऱ्या बापाची मुले शिकली की ती आगीपुढे उभी राहत नाहीत, आणि तसे व्हावे अशीच बापाची इच्छा असते.

लेम्स बार-बी-क्यू या दुकानाने अजून ती धरून ठेवली आहे. मिसिसिपीतल्या इंडियानोला गावच्या लेमन्स बंधूंनी ते 1954 मध्ये सुरू केले. पंचाहत्तराव्या रस्त्यावरचे दुकान 1960 च्या दशकातले. 2025 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने त्याला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान दिला, म्हणजे स्थापनेनंतर सत्तराहून अधिक वर्षांनी. मी प्रथम गेलो तो नोव्हेंबरातला शनिवार होता. सहकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे काच खाली केली, आणि महामार्ग सोडून थोडे पुढे आल्यावर, दुकान दिसायच्या बऱ्याच आधी, वास आला. आत बसायची सोय नाही. रांगेत चर्चच्या कपड्यांतल्या दोन आजीबाई, कामाच्या बुटांतले तरुण, आईचे बोट धरलेली एक मुलगी. मी काय मागवावे या गोंधळात असताना मागच्या आजीबाईंनी न विचारताच सल्ला दिला, “सॉस वेगळा माग बाळा, नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळे भिजेल.” घर चाळीस मैलांवर होते. मी गाडीपाशीच, टपावर डबा ठेवून, उभ्याने खाल्ले. कड काळपट नि कुरकुरीत, कूर्चा चघळावी अशी, आणि धूर जिभेवर येऊन निघून जाणारा. बाटलीतला तसा जात नाही, हे मला तेव्हा कळले.

सगळीच दुकाने अशी प्रेमळ नाहीत. काही ठिकाणी गिऱ्हाईक आणि स्वयंपाकघर यांच्यात बंदुकीची गोळी अडवणारी काच असते आणि पैसे नि डबा फिरत्या कप्प्यातून सरकवतात. पहिल्यांदा ते अंगावर येते. त्या काचेमागेही मी दोनदा उत्तम आणि एकदा अगदी टाकाऊ मांस खाल्ले आहे. साउथ साइडचे म्हणून सगळे चांगले, हा भाबडेपणाही मी करून चुकलो.

उत्तर बाजूवर अन्याय नको. 2006 मध्ये वायव्येला स्मोक बीबीक्यू निघाले. त्याच्या मालकांनी आपण बार्बेक्यू कशाला म्हणतो याचा चक्क जाहीरनामा लिहिला, आणि टेक्सासच्या धर्तीचा गोमांसाचा ब्रिस्केट शिकागोकरांच्या अंगवळणी पाडला. तिथले काम प्रामाणिक आहे. (आमच्यातल्या कुणाला डुक्कर चालत नाही, कुणाला गाय, त्यांच्यासाठी जवळपास सगळीकडे कोंबडी असते, आणि धुरातल्या कोंबडीला कमी लेखू नये.) पण शहरातल्या ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्या मी जमवून पाहिल्या, तर बहुतेकांत उत्तरेकडची सात-आठ नावे आणि दक्षिणेचे एखादे, तेही ‘धाडस असेल तर’ अशा सुरात.

यादी नसेल तर ओळखावे कसे, असे मला विचारतात. मी आता आधी दुकानाच्या मागच्या गल्लीत जातो. तिथे ओंडक्यांची रास असेल, आणि ती वरचेवर हलत असल्याची खूण म्हणून खाली भुसा सांडलेला असेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मांसाच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी कड्यावर मी विसंबत नाही. जळणातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या रंगद्रव्याला चिकटून ते बनते, त्याला चव नसते, आणि खारवण्याच्या मिठानेही ते आणता येते. पहिला घास सॉसशिवाय खावा. आणि संध्याकाळी एखादा पदार्थ संपला असे सांगितले तर रागावू नये.

तो सहकारी दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मेम्फिसला परतला; ज्या रेल्वेने त्याचे आजोबा आले, तिच्याच वाटेने उलट. जाताना त्याने मला त्याच्या वडिलांचा लांब चिमटा दिला. माझ्या परसात गॅसचे ग्रिल आहे. चिमटा गॅरेजमध्ये टांगलेला आहे, आणि उन्हाळ्यात गॅरेजचे दार उघडले की त्याचा वास येतो.