जागा बदलणारी चूक

ऑक्टोबर 2022. लिनक्स कर्नलच्या 6.1 आवृत्तीसाठी जगभरातून आलेला कोड एकत्र करण्याची लिनस टॉरवाल्ड्स यांची गडबड चालली होती, आणि ऐन वेळी त्यांच्या संगणकावर कंपायलर मध्येच कोसळू लागला. पहिला संशय नव्या कोडवर गेला. पण जुन्या कर्नलवरही तेच घडलं. शेवटी मेमरी तपासणारा मेमटेस्ट86+ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवला तेव्हा अडीच वर्षं विनातक्रार चाललेली रॅमची एक स्टिक बिघडल्याचं सिद्ध झालं.

रॅममधला बिघाड कंपायलिंगच्या वेळीच का डोकं वर काढतो? फोटोतला एखादा बिट उलटला, तर एका ठिपक्याचा रंग जरासा बदलतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. कंपायलर मात्र मेमरीत असंख्य नोंदी रचतो आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींत दुसऱ्या नोंदीचा पत्ता असतो. त्या पत्त्यातला एक बिट बदलला की कंपायलर भलत्याच जागी पोचतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तिथेच थांबवते. पडद्यावर येतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजेच सिग्नल 11.

निदानाची पहिली पायरी फुकटची आहे: कोडमधलं एक अक्षरही न बदलता तीच कमांड पुन्हा द्यायची. चूक कोडमध्ये असेल, तर ती सहसा त्याच ओळीवर भेटते. ती दर वेळी वेगळ्या फाइलमध्ये उगवली किंवा नाहीशीच झाली, तर हार्डवेअरकडे वळावं.

मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम चालू असताना तिने व्यापलेली मेमरी तपासता येत नाही. तो ठरावीक नमुने मेमरीत लिहितो, परत वाचतो आणि ताडून पाहतो. एक जरी चूक दिसली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. उलट, एका फेरीत काही सापडलं नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवलेला असेल, तर तो आधी मूळपदावर आणावा. मग एकेक स्टिक, स्लॉट बदलून, तपासावी. तापणारा प्रोसेसर आणि कमकुवत पॉवर सप्लायही अशीच लक्षणं दाखवतात.

सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम वापरतात. तिच्या नेहमीच्या रचनेत दर 64 बिटांमागे 8 जादा बिट असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते. घरगुती संगणकांत ती क्वचितच असते.

स्टिक बदलल्यावर आधी तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइल पुसून सगळं नव्याने कंपाइल करावं लागतं. कंपायलर कोसळला नाही, तरी उलटलेला बिट त्या फाइलींत गुपचूप उतरलेला असू शकतो.