नियमनाची किंमत कोण मोजतो?

वित्तीय सेवांच्या नियमनाचा खर्च म्हटला की निरीक्षकांचे वेतन, विवरणपत्रे, लेखापरीक्षण अशा बाबी डोळ्यांसमोर येतात. या खर्चाचा हिशेब ठेवता येतो. परंतु नियमामुळे ज्याला कर्जच मिळाले नाही, त्याची नस्ती कोणत्याही कार्यालयात उघडली जात नाही. प्रशासनात घालवलेल्या वर्षांत मला हीच त्रुटी सर्वाधिक जाणवली.

२०१० सालचे आंध्र प्रदेश हे याचे ठळक उदाहरण. सूक्ष्मवित्त कंपन्यांनी एकाच कुटुंबाला अनेक ठिकाणांहून कर्जे दिली होती. वसुलीचा जाच वाढला होता आणि आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून कंपन्यांना जिल्हानिहाय नोंदणी सक्तीची केली आणि साप्ताहिक हप्त्यांऐवजी मासिक हप्ते बंधनकारक केले. वसुली जवळजवळ ठप्प झाली. जाच थांबला, पण नवे कर्जही थांबले.

याची झळ राज्याच्या सीमेपुरती राहिली नाही. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन या अर्थशास्त्रज्ञांनी इतर राज्यांतील जिल्ह्यांचा अभ्यास केला. आंध्रमध्ये पैसा अडकलेल्या कंपन्यांचा जेथे अधिक वावर होता, तेथे कर्जपुरवठा आटला. मजुरांची रोजंदारी घटली आणि कुटुंबांचा उपभोगही कमी झाला. या मजुरांपैकी अनेकांनी असे कर्ज कधी घेतलेही नसेल. हैदराबादेत काढलेल्या अध्यादेशाची किंमत त्यांनी मोजली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १८७५ आठवते. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. रोख्यामागील व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि अनेक शेतकऱ्यांना खरा दिलासा लाभला. पण सावधपणे वागू लागलेले सावकार पुढे गहाणखताऐवजी थेट खरेदीखत मागू लागले. संरक्षण वाढले, तसे तारणही कठोर झाले.

मग नियमन नकोच काय? तसा निष्कर्ष काढणे आंध्रच्या कर्जदार स्त्रियांवर अन्याय करणारे ठरेल. त्यांचा छळ खरा होता. प्रश्न साधनांच्या निवडीचा आहे. मालेगाम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये व्याजावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली आणि एका कर्जदाराला दोनपेक्षा अधिक सूक्ष्मवित्त कंपन्यांनी कर्ज देण्यास मनाई केली. २०२२ मध्ये व्याजमर्यादा काढून टाकण्यात आली; त्याऐवजी सर्व कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असा दंडक सर्व संस्थांना लागू झाला. माझ्या मते हा बदल योग्य दिशेचा होता. व्याजाला कमाल मर्यादा घातली की दुर्गम गावातील लहान कर्ज प्रथम नाकारले जाते, कारण तेच सर्वांत खर्चिक असते. हप्त्यांच्या ओझ्यावरील मर्यादा मात्र मूळ दुखण्यालाच हात घालते. अर्थात उत्पन्नाची नोंद प्रामाणिक असेल, तरच ती परिणामकारक ठरेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. हेतूविषयी शंका नाही. तरीही अशा प्रत्येक कायद्यातच एक कलम असावे, असे मला वाटते: दोन वर्षांनी स्वतंत्र संस्थेने त्याचा आढावा घ्यावा आणि तो विधिमंडळापुढे ठेवावा. किती तक्रारी निकाली निघाल्या, एवढेच त्यात नसावे. किती कुटुंबांचे कर्ज बंद झाले, ती पुन्हा कोणाच्या दारी गेली आणि किती दराने, हेही त्यात नोंदवलेले असावे. ही माहिती गोळा करण्याचा खर्च चुकीच्या नियमाच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ आहे.